सहाची गोळी सहालाच

केसपेपरवर डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहिलं, पुढे ‘बीडी’ किंवा ‘टीडीएस’ अशी अक्षरं टाकली, की उपचार सुरू झाले असं आपण धरून चालतो. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. वॉर्डातल्या औषधांच्या ट्रॉलीच्या फेऱ्याही त्याच हिशेबाने ठरलेल्या असतात. सकाळचा राउंड आटोपल्यावर एक, दुपारच्या जेवणानंतर एक आणि रात्री निजानीज व्हायच्या आत एक. ॲसिडिटीची किंवा जीवनसत्त्वाची गोळी असेल तर तास-दीड तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पण पार्किन्सन्स, मधुमेह आणि फिट्स या तीन आजारांची औषधं या फेऱ्यांत बसत नाहीत. ती ओढूनताणून बसवली, की भलत्याच कारणासाठी दाखल झालेला माणूस या जुन्या दुखण्याने आडवा होतो.

म्हणून या आठवड्यात एकच मागणी मांडतो. या औषधांपुढे घड्याळातली वेळ लिहिणं प्रत्येक रुग्णालयाने सक्तीचं करावं आणि ती वेळ पाळण्याचा अधिकार डॉक्टरांच्या राउंडची वाट न पाहता सिस्टरकडे असावा.

पार्किन्सन्सपासून सुरुवात करतो, कारण वेळ चुकल्याचे सगळ्यांत जास्त हाल तिथे होतात आणि ते सगळ्यांत कमी ओळखले जातात. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, हे या आजाराचं मूळ. लेव्होडोपा हे औषध मेंदूत जाऊन डोपामिन होतं आणि माणूस हलता-चालता होतो. मात्र रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. आजार नवा असतो तेव्हा मेंदूत थोडीफार शिल्लक असते, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्या पुरतात. आठ-दहा वर्षांनी ती शिल्लक संपते आणि माणूस अक्षरशः गोळी ते गोळी जगू लागतो. पाच, सहा, कधी सात वेळा औषध, आणि प्रत्येकाची वेळ त्या त्या माणसासाठी न्यूरॉलॉजिस्टने महिनोन्‌महिने जुळवून आणलेली. ती पाळणं हे घरातल्यांचं रोजचं व्रत असतं.

आमच्या आतोबांचं असंच होतं. सकाळी सहा, साडेनऊ, एक, साडेचार आणि आठ. आत्याच्या मोबाइलमध्ये पाच गजर आणि पदराआड स्टीलची डबी. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी त्यांना शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा पहिल्यांदा ती डबी गेली. घरची औषधं इथे चालणार नाहीत, असा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून गेले तशी आत्या काउंटरशी गेली. “सिस्टर, यांची सहाची गोळी राहिलीय.” उत्तर आलं, “काकू, फार्मसीतून औषधं यायचीत. डॉक्टर राउंडला आले की लगेच देते.” नाश्त्याला उपमा आला तेव्हा आतोबांना चमचा धरता येईना, घास तोंडातच राहू लागला, लाळ कपड्यांवर ओघळत होती. राउंड झाला, फार्मसीतून पाकीट आलं, गोळी मिळेपर्यंत अकरा वाजले. तोवर गोळी गिळायलाही घसा साथ देईना. केसपेपरवर नोंद होती, ‘पेशंट सहकार्य करत नाही’.

ज्या सिस्टरने ती नोंद केली, तिला मी दोष देत नाही. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि अख्खा वॉर्ड असा तो मामला. शिवाय तिच्यासमोरच्या कागदावर कुठेही ‘सकाळी ६’ असं लिहिलेलं नव्हतं, ‘दिवसातून पाच वेळा’ एवढंच होतं. संध्याकाळी ड्युटीवर आलेल्या एका वयस्क सिस्टरने मायक्रोपोरची हातभर पट्टी कापली, तिच्यावर स्केचपेनने पाच वेळा लिहिल्या आणि पट्टी खाटेच्या डोक्याशी चिकटवली. सासूबाईंना हाच आजार होता, एवढंच ती म्हणाली. त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. हे काम एका सिस्टरच्या सासूबाईंच्या आजारपणावर का अवलंबून असावं?

गोळी उशिरा झाली की नुसता कंप वाढतो असं नाही. गिळण्याचे स्नायू आखडतात, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. औषध एकदम बंद पडलं, तर क्वचित ताप चढून, शरीर लाकडासारखं कडक होऊन जिवावर बेतू शकतं. ब्रिटनमधल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या संघटनेने २००६ साली ‘गोळी वेळेवर द्या’ अशी मोहीम याच कारणासाठी उघडली. आज तिथल्या ‘नाइस’ या संस्थेचं गुणवत्ता-मानक सांगतं, की रुग्णालयात किंवा केअर होममध्ये असलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णाला लेव्होडोपा त्याच्या ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळालाच पाहिजे. तिथेही ते सगळीकडे पाळलं जातं असं नाही, पण निदान मोजायला माप आहे.

याच रुग्णाला उलटी झाली, की वॉर्डात सवयीने मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिनचं इंजेक्शन दिलं जातं. रात्री तो बरळायला लागला, की हॅलोपेरिडॉल. ही तिन्ही औषधं मेंदूत डोपामिनचंच काम अडवतात. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असा हा प्रकार. पर्यायी औषधं आहेत आणि ती डॉक्टरांना माहीतही आहेत. पण रात्री दोन वाजता फोनवर तोंडी ऑर्डर घेताना ‘यांना पार्किन्सन्स आहे हं’ अशी आठवण करून देणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे सिस्टर.

आणखी दोन गोष्टी घरच्यांसाठी. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून शरीरात शिरताना एकमेकांच्या आड येतात. दुधाबरोबर किंवा भरपेट वरण-उसळीच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी कित्येकांना लागू पडत नाही. जेवणाआधी अर्धा तास पाण्याबरोबर घेतलेली लागू पडते. दुसरी गोष्ट खाजकुयलीच्या चूर्णाची. कोकणात कुंपणावर वाढणाऱ्या या वेलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतो. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी तो १९३७ सालीच त्यातून वेगळा काढून दाखवला होता. म्हणूनच हे चूर्ण गोळीच्या जोडीला गुपचूप देऊ नये. चमचाभर चूर्णात नेमका डोस किती हे कळायला मार्ग नसतो, आणि दाखल केल्यावर चूर्ण बंद झालं तर डोस का कमी पडतोय हे कुणालाच उमगत नाही. देत असाल तर डॉक्टरांना सांगा.

मधुमेहात चूक घड्याळाची असतेच, शिवाय ताटाचीही असते. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात असल्याचं दाखवलं. म्हणजे कुठल्याही वॉर्डात, कुठल्याही कारणाने दाखल झालेल्यांत मधुमेही असणारच. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं, नव्या झटपट काम करणाऱ्या प्रकारांसाठी ताट समोर असायला हवं. प्रत्यक्षात इन्सुलिन देते सिस्टर, ताट आणतात किचनचे मामा, आणि नेमक्या त्याच वेळी पेशंटला सोनोग्राफीसाठी खाली नेलेलं असतं. इन्सुलिन पोटात टोचलेलं, पोट रिकामं. साखर ७० च्या खाली उतरली की घाम, थरथर, धडधड. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणं पुष्कळदा दिसतच नाहीत. तो नुसता गोंधळतो, चिडतो, झोपाळतो. साखर फारच घसरली तर फिटही येते. म्हणून वॉर्डात कुणालाही फिट आली, की बोटातून रक्ताचा थेंब काढून आधी साखर बघायची, हे प्रत्येक सिस्टरला शिकवलेलं असतं. घाईगर्दीत तेच राहून जातं.

साखर खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. मात्र व्होग्लिबोज किंवा अकार्बोजच्या गोळ्या घेणाऱ्याला साधी साखर लवकर चढत नाही, कारण तिचं पचन लांबवणं हेच त्या गोळ्यांचं काम. त्याच्यासाठी घरात ग्लुकोज पावडरच हवी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा सावरली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. साखर दिली, बरं वाटलं, म्हणून रात्री निर्धास्त झोपू नये.

आणि सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मुख्यतः ४० युनिटच्या मिळतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनातलं इन्सुलिन सहसा १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कुणी त्याच्या काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. अडीचपट. ब्युरोकडून आलेल्या केअरटेकर ताईंना हे कुणी सांगितलेलं असतं का? पुण्या-मुंबईत किती तरी आईवडिलांचं इन्सुलिन याच ताईंच्या हातात आहे आणि मुलं न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर ‘दिलं का?’ एवढंच विचारू शकतात. त्या ताईंना दोन दिवसांचं तरी शिक्षण देणं ब्युरोवर बंधनकारक करायला हवं.

फिट्सच्या औषधांचा घात उपाशी ठेवण्यातून होतो. ‘उद्या ऑपरेशन आहे, रात्री बारानंतर तोंडातून काही नाही’ ही सूचना नातेवाईक इतकी काटेकोर पाळतात की सकाळची फिटची गोळीही चुकते. वास्तविक बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात, आणि ते शक्य नसेल तर लेव्हेटिरासिटाम, व्हॅलप्रोएट, फेनिटॉइन ही तिन्ही शिरेतून देता येतात. पण कुणी विचारतच नाही. घरी संकष्टी-एकादशीलाही हेच होतं. बाईमाणूस उपवासाला गोळी टाळतं, कारण रिकाम्या पोटी ती सोसत नाही. आणि लग्न झालेल्या मुली सासरी कळू नये म्हणून गोळ्या लपवतात, मग त्या वेळच्या वेळी कशा घेणार? अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकण्यात आलं, हे अजूनही कितीतरी घरांत ठाऊक नाही. ते मोठ्याने सांगायला हवं.

नळीतून फीड चालू असलेल्या रुग्णाला फेनिटॉइन फीडबरोबरच दिलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. आधी आणि नंतर फीड थांबवावं लागतं. हळूहळू विरघळणारी, ‘सीआर’ लिहिलेली गोळी कुटून नळीतून दिली, तर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. शिरेतून फेनिटॉइन द्यायचं तर सलाइनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. वेगही मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही, नाहीतर रक्तदाब कोसळतो. व्हॅलप्रोएट चालू असताना मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं, तर व्हॅलप्रोएटची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि वर्षानुवर्षं शांत असलेल्या माणसाला फिट येते. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अनुभवी सिस्टरला ठाऊक असते.

या तीन आजारांबाहेर, स्मृतिभ्रंशातही भिस्त वॉर्डातल्या माणसांवरच. रिव्हास्टिग्मिनचा पॅच रोज नवा लावायचा तो जुना काढूनच. पाठीवर दोन-तीन पॅच साठले की उलट्या होतात, नाडी मंदावते, आणि ज्याला लावले आहेत तो काही सांगू शकत नाही. आंघोळ घालणाऱ्या मावशींनाच ते दिसतात.

रुग्णालय चालवणाऱ्यांचं म्हणणं मला माहीत आहे. घरची औषधं बाळगू दिली तर चूक झाल्यावर जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की दाखल होताना फार्मासिस्टने डबीतल्या गोळ्या तपासाव्यात, नोंदवाव्यात आणि रुग्णालयाचा साठा येईपर्यंत त्याच वापराव्यात. पार्किन्सन्सच्या जाणत्या रुग्णाला किंवा त्याच्या पत्नीला सही घेऊन डबी जवळ ठेवू द्यावी. लेव्होडोपा काही महागडं, दुर्मीळ औषध नाही. दोन-चार पाकिटं वॉर्डातच ठेवली तर फार्मसीची वाट पाहावी लागणार नाही.

दुसरं म्हणणं, मनुष्यबळ नाही. हे खरं आहे आणि त्याला जबाबदार तेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार असू नये. त्या आकड्याला न पोचलेल्या सिस्टर आजही मला भेटतात. चार वर्षांचं शिक्षण घेतलेली मुलगी अशा पगारावर किती दिवस टिकेल? ती आखातात जाते, आयर्लंडला जाते, आणि तिच्या जागी येणारीला व्हॅलप्रोएट आणि मेरोपेनेमचं वैर शिकायला पुन्हा दोन वर्षं लागतात.

सरकारी रुग्णालयांतले केसपेपर सरकारच छापतं. त्यात ‘वेळ चुकवू नये अशी औषधं’ असा एक रकाना वाढवायला वेगळी तरतूद लागत नाही. वैद्यकीय शिक्षण खात्याने तो पुढच्या छपाईत घालावा. तोवर ज्यांच्या घरी यांपैकी कुठलाही आजार आहे, त्यांनी औषधाचं नाव, डोस आणि घड्याळातली वेळ एका कागदावर लिहून त्याच्या तीन प्रती काढाव्यात. एक दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांना, एक फार्मसीत आणि तिसरी रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात, ती ड्युटीवर आल्या आल्या.