मागे फिरणाऱ्याला हसू नका

थंडी सुरू झाली की मेडिकल सर्टिफिकेट मागायला येणाऱ्यांत आता हिमालयात निघालेली तरुण मुलेमुलीही असतात. कोणी औलीला, कोणी गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाते. हात बसला की काही जण स्की टूरिंगकडे वळतात. म्हणजे राखलेली उतरण सोडून मोकळ्या डोंगरात शिरायचे, स्कीच्या तळाला मागे घसरू न देणारी पट्टी चिकटवून तीन-चार तास आपल्या पायांनी चढायचे आणि मग पट्टी काढून घसरत खाली यायचे. व्यायाम म्हणून हा खेळ उत्तम आहे, माझा त्याला विरोध नाही. परंतु आमचे सर्टिफिकेट नाडी, छाती आणि रक्तदाब यांविषयी सांगते. वरच्या हवेविषयी ते काहीच सांगत नाही. तिथे धडधाकट माणूसही दगावतो, आणि तो वेळेवर मागे न फिरल्यामुळे.

काश्मीरचा हिवाळा भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या हातात असतो. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी हातभर अंतरावरचे दिसेनासे, असे तिथे होते. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण 6 ते 7 अंशांनी उतरते. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर, तर तिथल्या रोपवेचे वरचे ठाणे 4000 मीटरच्या जरासे खाली. खालच्या हॉटेलातली थंडी पाहून वरचे कपडे ठरवू नयेत ते याचसाठी. त्यात वारा. उणे 10 अंशांत ताशी 40 किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 21 अंशांसारखी लागते.

खरा घात मात्र घाम करतो. चढताना अंग तापते, बनियन भिजते. माथ्यावर पोचून माणूस फोटोसाठी थांबतो, वारा लागतो आणि ओले कपडे अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतात. सुती बनियन तर सुकतच नाही. म्हणून आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे हवेत. चढ सुरू होण्यापूर्वी जाकीट काढावे आणि थांबताक्षणी, थंडी वाजायची वाट न पाहता, चढवावे.

शरीराच्या आतले तापमान 35 अंशांखाली गेले की त्याला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो. प्रथम हुडहुडी भरते, मग बोटांना चेन लावता येत नाही, जीभ जड होते, पाय अडखळतात, माणूस चिडचिड करतो किंवा गप्प होतो. पुढे हुडहुडी थांबते. ते बरे वाटण्याचे नव्हे, धोक्याचे लक्षण आहे. मेंदूच मंदावल्याने त्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही. ‘मी ठीक आहे’ या त्याच्या शब्दावर विसंबू नका. त्याला वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली जाड काहीतरी अंथरा. तो शुद्धीवर असून नीट गिळत असेल तरच गरम, गोड पेय द्या. दारूने क्षणभर ऊब वाटते, पण त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता निघून जाते. हिमदंशाने पांढरी पडलेली बोटे बर्फाने चोळू नका, शेकोटीवरही धरू नका.

दुसरा शत्रू हिमस्खलन. नवा बर्फ पडला आणि वारा सुटला की 30 ते 45 अंशांचे उतार कच्चे होतात. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढले तर दहातले नऊ वाचतात; अर्धा तास उलटला की तीन-चारच. बाहेरून मदत तेवढ्यात पोचत नाही. सोबत्यांजवळच संदेशयंत्र, काठी आणि फावडे हवे, आणि ते वापरायचा सरावही. गुलमर्गजवळ 1 फेब्रुवारी 2023 रोजी दोन पोलिश स्कीपटू आणि 22 फेब्रुवारी 2024 रोजी एक रशियन स्कीपटू असेच गेले. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातले 9 पदयात्री दगावले. महिना जूनचा होता, हे लक्षात घ्या.

म्हणून सर्टिफिकेटवर सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी आणि पैसे देण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परत फिरायची वेळ सकाळीच ठरते का? ‘फिरा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही आला नाहीत, तर खाली कोणाला कळेल? याची उत्तरे नसतील, तर उत्तम हृदय काय कामाचे? दमा, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि मुंबईहून विमानाने जाऊन त्याच दिवशी उंच चढणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावेच. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते अंगाशी, आतल्या खिशात ठेवावे.

सुट्टी घेतलेली असते, पैसे भरलेले असतात, सोबती पुढे निघालेले असतात. अशा वेळी थांबायला चढण्यापेक्षा जास्त धैर्य लागते. तेव्हा आपला मुलगा किंवा मुलगी माथा न गाठता परतली, तर ‘मग गेलात कशाला?’ असे विचारू नका. ढग पाहून मागे फिरले, असे ते सांगतील, तर त्यांची पाठ थोपटा. पुढच्या वेळीही ते फिरतील.