सूप भिंतीवर गेले!

पोळा झाला, की आमच्या घरात दिवाळीच्या रंगरंगोटीची भाषा सुरू होते. यंदा त्या भाषेत एक नवा शब्द आला – 'बाली'. नागपुरात म्हणे बाली बेटाच्या धर्तीवर घर सजविण्याच्या वस्तूंचे एक दुकान आहे, आणि शेजारच्या वहिनींनी तिथून काहीतरी आणले आहे. शेजारच्या वहिनींनी काही आणले, की पुढचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. रविवारच्या गाडीने आम्ही वर्ध्याहून सहकुटुंब निघालो.

दुकान खरोखर देखणे होते. गार हवा, मंद सुवास, कुठूनशी पाण्याची झुळझुळ. लाकडी मुखवटे, वेताच्या खुर्च्या, करवंटीचे दिवे. धडावेगळी केलेली बुद्धाची मस्तकेही होती. त्यांतले एक चपला ठेवण्याच्या मांडणीवर शोभेला ठेवले होते. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी माणसांनी बाबासाहेबांच्या मागोमाग त्या बुद्धाला शरण जाऊन माणूसपण मिळविले, तिथे ते मस्तक चपलांवर बसविताना कुणाचा हात कसा थरथरला नाही, हे नवलच!

पण माझे खरे भांडण पुढे आहे. समोरच्या भिंतीवर, खास दिव्यांच्या उजेडात, बांबूच्या विणीची सात-आठ पसरट पात्रे टांगली होती. सौ. चटकन म्हणाली, "अहो, ही तर आपली सुपंच की!" विक्रेता तरुण हसला. "नाही मॅडम, ही भिंतीची सजावट आहे. हाताने विणलेली." किंमत १८०० रुपये. आम्ही एक घेतले. मी घासाघीस केली नाही. गार हवेत घासाघीस सुचत नाही.

परतीच्या गाडीत मात्र मला गेल्या आठवड्यातला बाजार आठवला. तिथे बुरुडाने सुपाचे १५० रुपये सांगितले होते आणि मी झाडाच्या सावलीत पाव तास हुज्जत घालून ते १२० ला आणले होते. तेही हातानेच विणलेले होते. शिवाय त्यात धान्य पाखडता येत होते!

कुणी म्हणेल, मास्तरांना परदेशी वस्तूंचा राग आला. मुळीच नाही. बालीच्या कारागिराशी माझे वैर नाही. उलट त्याचा मला हेवा वाटतो. तिथे ताडामाडाच्या पानांची इवली तबके विणून, त्यांत फुले मांडून, रोज दाराशी आणि देवाशी ठेवतात. भाताच्या देवीचे नाव तिथे श्री आहे, आणि तिची प्रतिमाही पानांचीच करतात. म्हणजे विणकाम तिथे अजून उंबऱ्यावर आहे. प्रवाशांच्या झुंडी येऊ लागल्या, कला स्वस्त आणि सवंग होऊ लागली, तेव्हा १९३६ साली तिथल्या चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी 'पिता महा' नावाचा संघ काढून कामाचा कस राखण्याची खटपट केली.

आणि त्याच १९३६ साली आमच्या जिल्ह्यात काय चालले होते? गांधीजी शेगावात राहायला आले होते. तेच पुढचे सेवाग्राम. तिथली बापूकुटी माती, बांबू आणि कौले यांची आहे. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठविलेली झाडे आहेत. मगनवाडीत कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचा संसार मांडून बसले होते. १९३८ च्या डिसेंबरात तिथे मगन संग्रहालय उघडले. त्याआधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि मुलाने हस्तव्यवसायातून शिकावे, हा विचार देशापुढे ठेवला गेला. हाताला प्रतिष्ठा देण्याचा एवढा उद्योग इतक्या थोड्या मैलांत क्वचितच कुठे झाला असेल.

त्या वर्ध्याचा मी शिक्षक. आता माझी गोष्ट ऐका. काही वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाला भागाकार येईना. मी चिडून म्हणालो, "शिकला नाहीस, तर बापासारखी सुपं विणत बसशील!" वर्ग हसला. पुढे शाळेचा तक्ता भरताना मी त्याला वडिलांचा धंदा विचारला. खाली मान घालून तो म्हणाला, "मजुरी लिवा, सर." ज्या हातांच्या कामाला दुकानात १८०० रुपये मोजून मी माना डोलावल्या, त्या कामाची लाज त्या पोराला बालीने शिकविली नाही. मी शिकविली.

सरकारनेही आपला वाटा उचलला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे 'झाड' होते. वास्तविक ते गवत! परंतु त्या एका शब्दापायी स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही माणसाला वनखात्याचा धाक असे. वनाबाहेरच्या बांबूपुरता तो शब्द पुसायला २०१७ साल उजाडले. नव्वद वर्षे! तोवर प्लास्टिकच्या टोपल्यांनी आमचे स्वयंपाकघर व्यापले, कणग्या गेल्या, रोवळ्या गेल्या.

वस्तू वापरातून गेली, की ती शोभेची होते. आधी आपण सुपाला घरातून घालवतो, विणणाऱ्याला पोराच्या तोंडून 'मजूर' म्हणवून घेतो. आणि मग तेच सूप समुद्रापलीकडचे नाव लावून आले, की त्याला दिवाणखान्यात पाट मांडतो. याला रसिकता म्हणू नका. ही आपल्याच अंगणाची लाज आहे. फक्त तिच्यावर चांगला दिवा सोडला आहे.

मग करावे काय? दुकाने बंद करा, असे मी म्हणत नाही. शाळेत वर्षातून एकदा 'हस्तकला दिन' साजरा करून कागदी फुले करण्याऐवजी बुरूड, कुंभार, विणकर यांना वर्गात बोलवा, खुर्ची द्या आणि शिक्षकाला देता तेवढे मानधन द्या. बाजारात हुज्जत घालण्याआधी आठवा, की दुकानात आपण मुकाट्याने पैसे मोजले होते.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती लक्ष्मी आहे, असे मुलांना सांगतो. यंदा तिला हात जोडण्याआधी मुलांना एवढेच विचारा, की ही बांधली कुणी? मुलांना सांगता आले नाही, तर तो दोष मुलांचा नाही.

आमचे १८०० रुपयांचे सूप मी भिंतीवरून काढले आहे. दिवाळीच्या पोह्यांसाठी सौ.ने परवा ते पाखडून पाहिले. बांबूच्या पट्ट्या विरळ, काठ नावाला. निम्मे पोहे जमिनीवर. १२० चे सूप मात्र चोख चालले आहे. त्याचे राहिलेले ३० रुपये द्यायला मी येत्या बाजारी जाणार आहे.