धुण्याचा हिशोब

बार्शीच्या बाजारपेठेत तीन पिढ्या धान्याची आडत चालवणारे एक घर आहे. घरात आजी, थोरले भाऊ व वहिनी, धाकटे भाऊ व त्यांची पत्नी आणि दोन मुले अशी सात माणसे. तिसरा भाऊ नोकरीनिमित्त मुंबईला, मुलुंडच्या सदनिकेत राहतो. पण घरखर्चाची वही आजही एकच आहे. यंदा आश्विन महिन्यात या वहीत एक नवी नोंद करण्याचा विचार निघाला. दोन्ही घरांसाठी कपडे धुण्याचे यंत्र घ्यायचे होते.

विचार निघण्यास कारण होते. बार्शीच्या घरी चौदा वर्षे धुणे करणाऱ्या मावशींचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. भिजलेल्या चादरी पिळताना त्यांचे मनगट दुखू लागले, आणि पावसाळ्यात पाठीनेही दाद मागितली. मावशी चार दिवस आल्या नाहीत तेव्हा सारे धुणे धाकट्या सुनेवर पडले. दगडावर कपडे आपटण्याचे काम म्हणजे काय असते, याची जाणीव घराला त्या चार दिवसांत झाली.

थोरल्या भाऊंनी तातडीने चौकशी केली. दुकानदाराने सुचवलेले यंत्र उत्तम होते: समोरून दार असलेले, नऊ किलोचे, पूर्ण स्वयंचलित. किंमत ३६,००० रुपये, ‘बिनव्याजी’ बारा हप्ते, दरमहा ३,०००. शिवाय पेढीच्या मुनिमांनी सल्ला दिला की बिल पेढीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांक घालून घ्यावे, म्हणजे कराची रक्कम वजा मिळेल. भाऊंनी आणखी एक हिशोब मांडला. मावशींना दरमहा १,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २१,६०० रुपये दिले जातात. यंत्र आले की हा खर्च वाचेल आणि पावणेदोन वर्षांच्या आत यंत्राचे पैसे फिटतील.

वरकरणी हिशोब बिनचूक होता. धाकट्या सुनेने मात्र आठ दिवसांची मुदत मागितली. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या या सुनेने दुकानातला छोटा वजनकाटा घरी आणला आणि रोजचे धुणे कोरडे असतानाच तोलण्यास आरंभ केला. यंत्राची क्षमता कोरड्या कपड्यांच्या वजनावर सांगितली जाते, हे तिला ठाऊक होते. आठवड्याअखेर आकडे स्पष्ट झाले. रोजचे धुणे साडेचार ते पाच किलो भरत होते. चादरी काढण्याच्या दिवशी ते नऊ किलोंपर्यंत जाई. पण ते दोन फेऱ्यांत सहज बसणारे होते. सात-आठ किलोंचे यंत्र या घरास पुरेसे होते. मोठे यंत्र अर्धे रिकामे चालवण्यात वीज, पाणी आणि भांडवल या तिन्हींचा अपव्यय झाला असता.

तिने पाणीही मोजले. हाताच्या धुण्यास रोज पंधरा लिटरच्या चौदा बादल्या, म्हणजे सुमारे २१० लिटर पाणी लागत होते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा आकडा लहान नाही. आणि पाणी गाळून व जपून वापरण्याचा संस्कार ज्या घरात आहे, तेथे तर त्याची दखल घेणे भागच होते.

यानंतर यंत्राच्या प्रकारांचा विचार झाला. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला अर्धस्वयंचलित, दोन टाक्यांचा. त्यात एका टाकीत कपडे धुतले जातात आणि हाताने उचलून दुसऱ्या टाकीत पिळण्यासाठी घातले जातात. दुसरा वरून झाकण असलेला पूर्ण स्वयंचलित आणि तिसरा समोरून दार असलेला पूर्ण स्वयंचलित. तिसऱ्या प्रकारात कपडे पाण्यात पूर्ण बुडत नाहीत, ते फिरून फिरून खाली आपटतात. म्हणून पाणी सर्वांत कमी लागते, कपड्यांची झीज कमी होते आणि पिळण्याचा वेगही अधिक असतो. मात्र त्यास नळाच्या पाण्याचा पुरेसा दाब लागतो, कमी फेसाची पावडर लागते, आणि दाराच्या रबरी कडेत बुरशी धरू नये म्हणून धुणे झाल्यावर कड पुसून दार थोडे उघडे ठेवावे लागते.

बार्शीच्या घरी नेमकी येथेच अडचण होती. पाण्याची टाकी न्हाणीघराच्या छतावरच, जेमतेम हातभर उंचीवर. दाबासाठी वेगळा पंप बसवावा लागला असता. बोअरचे पाणी जड. जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, पावडर अधिक लागते आणि पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या कांडीवर क्षारांचा थर बसतो. दुरुस्तीचा कारागीर सोलापूरहून येणार. अर्धस्वयंचलित यंत्रास यांपैकी फारसे काही बाधत नाही. बादलीने पाणी भरले तरी ते चालते, आणि त्यातील साबणाचे पाणी पांढऱ्या कपड्यांनंतर रंगीत कपड्यांस पुन्हा वापरता येते. शेवटच्या खळाळण्याचे पाणी अंगण आणि फरशी धुण्यास उपयोगी पडते. अशा पद्धतीने रोज ताजे पाणी दहा बादल्यांत भागेल, असा सुनेचा अंदाज होता.

आता दुकानदाराच्या एका शब्दाबद्दल. ‘ड्रायरसहित’ असे तो अर्धस्वयंचलित यंत्रास म्हणाला. अनेक गिऱ्हाइके येथे फसतात. दोन टाक्यांच्या यंत्रातील दुसरी टाकी कपडे वेगाने फिरवून पाणी पिळून काढते; कपडे वाळवत नाही. ते दोरीवर घालावेच लागतात. खरा ड्रायर गरम हवेने कपडे कोरडे करतो. त्याचे प्रकारही निरनिराळे आहेत. एक ओली गरम हवा नळीवाटे बाहेर सोडतो. दुसरा त्या हवेतील बाष्पाचे पाणी करून साठवतो. तिसरा, उष्मा-पंपावर चालणारा, विजेची मोठी बचत करतो, पण महाग असतो. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारेही यंत्र मिळते. मात्र त्याची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते. आठ किलो धुणारे यंत्र बहुधा पाचच किलो वाळवते. ही बाब माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते.

विजेचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागते, आणि यंत्र कोणतेही असो, निसर्गाचा हा हिशोब बदलत नाही. पाच किलो सुती कपड्यांत पिळल्यानंतरही तीन लिटर पाणी उरले, तर ते उडवण्यास दोन युनिटांच्या आसपास वीज हवीच. साध्या ड्रायरमध्ये उष्णता वाया जाते म्हणून प्रत्यक्षात ती तीनपर्यंत जाते. युनिटचा दर १० रुपये धरला तर एका फेरीस ३० रुपये. उलट, तेच पाणी वेगाने फिरवून काढण्यास वीज अगदी नाममात्र लागते. म्हणून ड्रायरचा विचार करण्याआधी पिळण्याचा वेग पाहावा: मिनिटाला ७०० फेरे आणि १२०० फेरे यांत दोरीवरच्या कपड्यांचे काही तास वाचतात.

बार्शीला वर्षातील बहुतेक दिवस गच्चीवर कडक ऊन असते. तेथे ड्रायर हा निव्वळ परिग्रह ठरला असता. मुलुंडची गोष्ट वेगळी होती. सदनिकेस बाल्कनी नाही, घरात आठ महिन्यांचे बाळ आणि अंथरुणास खिळलेल्या काकू. चातुर्मासात तेथे दुपटी आणि चादरी दोन-दोन दिवस वाळत नसत. दमट कपड्यांस वास येई आणि बाळाच्या अंगावर पुरळ उठे. तेथील गरजेचा हिशोबही वहीत मांडला गेला. धुणे-वाळवणे एकत्र करणारे यंत्र साध्या यंत्राहून २०,००० रुपयांनी महाग. दहा वर्षांत ते विभागले तर वर्षाला २,०००. पावसाळ्यात सुमारे १०० वेळा लहान फेरी वाळवली आणि दर फेरीस अडीच युनिट वीज धरली, तर आणखी २,५००. वर्षाला साडेचार हजार रुपयांत काकूंना आणि बाळास रोज कोरडे अंथरूण मिळणार होते. हा खर्च चैनीचा नाही, यावर आजींसह सर्वांचे एकमत झाले. बाकीचे आठ महिने छताला टांगलेल्या दोऱ्या आणि पंखा यांवरच भागवायचे, असेही ठरले.

हप्त्यांचा प्रश्न उरला होता. सुनेने दुकानदारास विचारले, “रोख दिले तर किती?” तो म्हणाला, “३३,५००.” तेथेच बिनव्याजी योजनेचे रहस्य उलगडले. रोखीची किंमत हीच खरी किंमत. ३३,५०० चे कर्ज घेऊन वर्षभरात ३६,००० फेडायचे, म्हणजे २,५०० रुपये व्याज. मुद्दल दरमहा घटत जाते, हे लक्षात घेतले तर वार्षिक दर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यावर १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्याचा कर मिळवला की तो पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याजाचा व्यवहार जाणणाऱ्या व्यापारी घरांनी तरी हे विसरू नये.

पेढीच्या नावाने बिल घेण्याच्या सल्ल्याचे उत्तर आजींनी दिले. त्यांनी मुनिमांना विचारले, “या यंत्रात दुकानच्या कोणत्या गिऱ्हाइकाचे कपडे धुवायचे आहेत?” मुनीम निरुत्तर झाले. कायद्याचे म्हणणेही आजींच्या बाजूने आहे. धुलाईयंत्रावर जुलै २०१८ पासून १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ३३,५०० मध्ये सुमारे ५,१०० रुपये कराचे. परंतु व्यक्तिगत वापराच्या वस्तूवरील कर वजा घेण्यास केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) अन्वये मनाई आहे. तपासणीत आढळल्यास ती रक्कम व्याजासह भरावी लागते, दंडाचीही टांगती तलवार असते. पाच हजारांसाठी वहीत एक खोटी ओळ लिहायची आणि मग ती वर्षानुवर्षे सांभाळायची, हा सौदा व्यापारी दृष्टीनेही तोट्याचाच. अचौर्याचे व्रत देवघरापुरते नसते, एवढेच बोलून आजींनी तो विषय मिटवला.

राहिला मावशींचा प्रश्न. भाऊंचा मूळ हिशोब त्यांच्या वेतनावर उभा होता. ते वाचवायचे तरच यंत्र पावणेदोन वर्षांत फिटत होते. सुनेने वही पुढे केली आणि शांतपणे म्हणाली, “भाऊजी, मावशींचा हात दुखतो म्हणून आपण यंत्र घेतोय. हात दुखतो म्हणून त्यांनाच काढले, तर यंत्र कोणासाठी घेतले?” भाऊ बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी पावणेदोन वर्षांची ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

अखेर बार्शीसाठी आठ किलोंचे अर्धस्वयंचलित यंत्र १२,५०० रुपयांस रोखीने आणि घरच्याच नावाने घेतले गेले. ते मावशीच चालवतात. पिळण्याचे कष्ट गेले. उरलेल्या वेळात त्या बसून धान्य निवडतात, वेतन तेच आहे. पूजेची वस्त्रे पूर्वीप्रमाणे गाळलेल्या पाण्यात, वेगळी, हातानेच धुतली जातात.

ज्या घरांत असा विचार चालू असेल त्यांनी खरेदीपूर्वी काही गोष्टी कराव्यात. आठवडाभर धुणे तोलावे. पाण्याचा दाब आणि जडपणा पाहावा. रोखीची किंमत आधी विचारावी. पाण्याची नळी, स्टँड, १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग यांचा खर्च किमतीत मिळवावा. तारांकित पट्टीवरील ताऱ्यांबरोबर वीजवापराचा आकडाही वाचावा. ‘दहा वर्षांची हमी’ बहुधा केवळ मोटरची असते. इलेक्ट्रॉनिक पट्टी बिघडली तर काय, हे लेखी घ्यावे. कारागीर कोणत्या गावाहून येतो, तेही विचारावे. आणि घरात आज हे काम कोणाच्या हातांनी होते, त्या हातांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे.