हिशेब कोणाच्या हाती?



लक्ष्मीपूजनाला वह्या पुजायच्या आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद करायची, ही आपली जुनी रीत. या दिवसांत एक मोठा हिशेब मांडावा, असं वाटल्यावरून यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विषय ठरला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणक, मोबाइल आणि इंटरनेट गावोगावी पोचले. त्यातून राबणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडलं?

याचं एक उमेद देणारं उत्तर केरळच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर मिळतं. १९९७ ते २००१ या काळात तिथे टप्प्याटप्प्याने मोबाइलचे मनोरे उभे राहिले. त्याआधी कोळी सवयीच्या बंदरातच होडी लावायचे. तिथे त्या दिवशी मासळी उदंड झाली, तर ताजी तारली समुद्रात फेकायची वेळ येई; आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतलेलं असे. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच दर विचारू लागले आणि भाव असेल तिकडे होडी वळवू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा याविषयीचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मासळी वाया जाणं जवळपास थांबलं, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली, असं त्यात दिसलं.

फोनमुळे दर कळला हे खरंच. पण होडी कुठे न्यायची हे ठरवणंही कोळ्याच्याच हाती होतं, हे विसरून चालणार नाही.

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात दर कळणं आणि निर्णय हाती असणं यांतला फरक ठळक दिसतो. कांद्याचा दर आज निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला घरबसल्या व्हॉट्सॲपवर कळतो. पण ट्रॅक्टर भरून लिलावाला उभा राहिल्यावर दर कोसळला, गाडीभाडं द्यायचं असलं आणि घरी कांदाचाळ नसली, तर पडत्या भावातही माल घालूनच परतावं लागतं. चाळ असलेला शेतकरी उन्हाळ कांदा चार-पाच महिने राखू शकतो, म्हणून दराची बातमी त्याच्या कामाची ठरते. आणि डिसेंबर २०२३ मधल्यासारखी निर्यातबंदी आली, की चाळवाल्याचेही हात बांधले जातात. त्या फोनवर मग तो स्वतःचं नुकसान तेवढं लवकर वाचतो.

वारणा खोऱ्यातला अनुभव याहून बोलका आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उघडून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती असं बरंच काही गावात आणायचं स्वप्न होतं. शेतकरी मात्र केंद्रावर यायचा तो मुख्यतः आपल्या उसाचं वजन किती भरलं, बिल किती झालं, खताचे किती कापले, हे पाहायला. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने हीच माहिती देऊन पाहिली आणि काम कमी खर्चात भागलं. मोठं स्वप्न आटलं म्हणून हा प्रकल्प फसला, असं कुणी म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही. हा ऊस घेणारा साखर कारखाना सहकारी, म्हणजे सभासद शेतकऱ्यांचाच होता. काट्यावरचा आकडा विचारायचा हक्क त्यांच्याकडे आधीपासून होता; संगणकाने आणि मोबाइलने तो बजावणं सोपं केलं.

आता त्याच उसाच्या फडात तोड करणाऱ्या माणसांकडे पाहा. दरवर्षी बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो मजूर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याच्या संगणकात टनावारी नोंदला जातो. मजुराची उचल, तोड आणि फिटलेली रक्कम मात्र मुकादमाच्या वहीत राहते. बाईच्या नावावर तर बहुधा काहीच लागत नाही. इंटरनेटच्या बाबतीतही बाई मागेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचं प्रमाण देशात ५७ टक्के होतं, स्त्रियांचं ३३ टक्के. फडावरची बाई या आकड्यात कुठे असेल, हे वेगळं सांगायला नको.

तंत्रज्ञानाने या कुटुंबांना काहीच दिलं नाही, असं नाही. रेशनकार्ड आता परगावच्या दुकानातही चालतं, आणि सहा महिने घराबाहेर राहणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. पण कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर धान्य अडतं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, म्हणजे आपल्याच राज्यात दिला गेला. अंगठा न जुळल्यास माणूस उपाशी परतणार नाही, याची तजवीज प्रत्येक दुकानात पक्की करण्याची जबाबदारीही आपल्या राज्याने पुढे होऊन घेतली पाहिजे.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. गावात किती मनोरे उभे राहिले, किती ॲप निघाली, यावर विकास मोजू नये. ऊसतोड करणाऱ्या बाईच्या नावाने स्वतंत्र नोंद व्हावी, तिच्या तोडीचं वजन आणि उचलीची शिल्लक तिच्या फोनवर मराठीत यावी, वाचता येत नसेल तर ऐकू यावी, आणि आकडा चुकला तर दाद घ्यायला नाव-गाव असलेला जबाबदार माणूस तिथे असावा. वारणेच्या सभासदाला जे साध्या एसएमएसवर मिळू शकलं, ते फडावरच्या मजुराला न मिळण्याचं तांत्रिक कारण आज एकही उरलेलं नाही. उरली आहे ती इच्छाशक्तीची उणीव, आणि ती भरून काढायला सरकार, कारखाने आणि आपण वाचक, सगळ्यांनीच जोर लावायला हवा.

या अंकातले लेख याच प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू मांडतात. सोबत नेहमीप्रमाणे कथा आणि कविता आहेतच.  अंक वाचून तुमच्या गावचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कामाला त्याचा आधार होईल.



– संपादक