आधी कान, मग पाटी



सन २००० पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हापासून एक गोष्ट पुष्कळ घरांत दिसते. मूल इंग्रजी गाणे हातवारे करून घडाघडा म्हणते, पाहुण्यांची शाबासकी मिळवते, पण दावणीच्या गाईकडे बोट दाखवून "हिला काय म्हणतात?" असे विचारले की गप्प. पुढे तेच पोर दहावीला इंग्रजीत अडते. मग गाणे वाया गेले का? नाही. पेरणी झाली, आंतरमशागत राहिली.

गाण्याचा गुण मोठा आहे. ताल असला की तोच शब्द दहा वेळा म्हणतानाही मूल कंटाळत नाही. आपल्या ओव्या आणि पाढे असेच पाठ झाले. अमेरिकेत कॅरोलिन ग्रॅहम या शिक्षिकेने रोजच्या बोलण्यातली वाक्ये तालावर बसवून १९७८ साली 'जाझ चँट्स' हे पुस्तक काढले. तिकडचेच मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांचे सांगणे असे, की मुलाने आधी ऐकून कृती करावी. बोलणे मागून येते. शिवाय इंग्रजीत लिहिणे एक नि उच्चार दुसरा. 'नाइफ' लिहिताना आधी 'के' येतो, बोलताना नाही. म्हणून कान आधी, पाटी नंतर.

अडचण एकच. गाणे एका दमात वाहते, शब्द सुटे होत नाहीत. 'बे साती किती?' म्हटले की मूल 'बे एके'पासून सुरू करते, तसेच हे. त्यावर उपाय असे:

१. एका गाण्यातले पाच-सहा शब्दच धरा. ओल्ड मॅकडोनाल्ड या शेतकऱ्याच्या गाण्यात कडव्यागणिक नवे जनावर येते. ते आपल्या घराला सोयीचे.

२. गाताना मध्येच थांबा. राहिलेला शब्द मुलाने भरावा.

३. गोठ्यात नेऊन 'काउ', 'हेन', 'गोट' दाखवायला सांगा.

४. गाण्यातले जनावर बदला. गाईच्या जागी म्हैस, म्हणजे 'बफेलो' घाला.

५. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने पुन्हा विचारा. एकदम दिलेले पाणी वाहून जाते. पाळीने दिलेले मुळाशी मुरते.

आईला इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. मुलालाच गुरू करा, "मला शिकव" म्हणा. शब्दांचे अर्थ शाळेतल्या बाईंना विचारून घ्या. उच्चार चुकला तर हसू नका. हसले की मूल तोंड मिटते.

अति विषारी फवारणीच्या डब्यावर लाल अक्षरांत 'पॉयझन' छापलेले असते. डबा कुलपात ठेवावाच. पण तो शब्द ओळखणारे माणूस घरात असणे, ही गुणपत्रिकेपेक्षा मोठी कमाई आहे.