संगणकाशी ओळख : सीडी ड्राइव्ह दिसेनासा झाला तर



एका भगिनीने कळविले आहे की, त्यांच्या दिवंगत वडिलांच्या गायन पार्टीची भीमगीते एकाच सीडीत आहेत. घरचा संगणक विंडोज एक्सपीचा, जुना. त्यातला सीडी लिहिण्याचा प्रोग्राम मुलाने काढून टाकला आणि ड्राइव्हच दिसेनासा झाला. दुकानदार म्हणतो, नवा घ्या.

ताई, पैसे घालविण्याआधी थोडे थांबा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून (बटण यंत्रागणिक वेगळे असते) बायॉसमध्ये जावे. तेथे ड्राइव्हचे नाव नसेल तर दोष केबलचा, जम्परचा किंवा खुद्द ड्राइव्हचा. प्लग काढून मगच पट्टीची केबल घट्ट बसवावी. एका पट्टीवर दोन यंत्रे असतील तर एक मास्टर व दुसरे स्लेव्ह हवे.

नाव बायॉसमध्ये दिसते, पण विंडोजमध्ये ड्राइव्ह नाही? मग ड्राइव्ह बहुधा धडधाकट आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा. ड्राइव्हवर पिवळी खूण आणि कोड ३१, ३९ किंवा ४१ असा काही आकडा दिसेल. सीडी लिहिणारे प्रोग्राम विंडोज व ड्राइव्ह यांच्यामध्ये आपला एक फिल्टर बसवितात. प्रोग्राम जातो, फिल्टरचे नाव मात्र नोंदवहीत राहते. काम सोडून गेलेल्या मुकादमाची सही आल्याशिवाय माल सोडायचा नाही, तसा हा प्रकार!

उपाय असा. स्टार्ट, रन, तेथे 'रेजएडिट' लिहावे. आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून नोंदवहीची प्रत ठेवावी; हे टाळू नये. मग एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या वाटेने जाऊन ४डी३६ई९६५ ने सुरू होणारा कप्पा उघडावा. उजवीकडे 'सीडीरॉम' लिहिलेले असेल. तेथील 'अपरफिल्टर्स' व 'लोअरफिल्टर्स' या दोनच नोंदी (एकच असेल तर तेवढीच) पुसून संगणक पुन्हा सुरू करावा. सावधान! ४डी३६ई९६७ चा कप्पा हार्डडिस्कचा आहे. तेथे पुसापुशी झाली तर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. सीडी लिहिणारा दुसरा एखादा प्रोग्राम असेल तर तो पुन्हा टाकावा लागेल.

ड्राइव्ह परत आला की गाणी त्याच दिवशी उतरवून घ्या. गाण्यांच्या सीडीतल्या फाइली नुसत्या ओढून पेन ड्राइव्हवर टाकू नका. त्या सीडीए फाइली अवघ्या ४४ बाइटच्या असतात, त्यांत गाणे नसतेच. मीडिया प्लेअरमधील 'रिप' किंवा 'कॉपी फ्रॉम सीडी' वापरा. त्याआधी पर्यायांतील 'कॉपी प्रोटेक्ट'ची खूण काढा, नाहीतर गाणी दुसऱ्या यंत्रावर वाजणार नाहीत.

एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये बंद झाल्या, म्हणून हा संगणक इंटरनेटला जोडू नका. पेन ड्राइव्ह दोन घ्या, एक भावाच्या घरी ठेवा. सीडी उन्हात ठेवू नका. पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे.