साखळीचा गुण कोणाच्या नावावर?

आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याचे कडू जिभेला लावायचे. त्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही. दिवाळी अंकालाही असा एक कडू थेंब असावा, असे माझे मत आहे. कथा आहेत, कविता आहेत, राशिभविष्य आहे. फराळ भरपूर आहे. त्याआधी वाचकांनी माझे हे कारीट फोडून घ्यावे.

माझे भांडण कबड्डी पाहणाऱ्यांशी आहे. आणि मीही पाहणाराच असल्यामुळे ते माझ्याशीही आहे.

मी रत्नागिरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दहावी झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि शिक्षण तिथेच थांबले. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्या न शिकताच. शाळेतली खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी पडली, तेव्हा 'ह्यांना सरळ रेषा काढता येते' एवढ्या पुण्याईवर मैदानाची आखणी माझ्याकडे आली. आखणीमागून गुणपत्रक आले आणि गुणपत्रकामागून सगळा संघच गळ्यात पडला. बारा वर्षे मी लाल मातीवर चुना टाकतो आहे. तेव्हा जे लिहितो आहे, ते मैदानाच्या अगदी कडेला बसून पाहिलेले आहे.

वाडीतले सामने तुम्ही पाहिले असतील. रात्रीची वेळ, पाणी मारून बसवलेली माती, दिव्यांचे झोत. ध्वनिक्षेपकावर एक गृहस्थ अखंड बोलत असतात: "पुढच्या चढाईत गुण आणणाऱ्यास अमुक काकांकडून शंभर रुपये!" काका बहुधा मुंबईचे चाकरमानी असतात आणि शंभराची नोट उंच धरून उभे राहतात. चढाई करणारा मांडीवर थाप मारतो, कपाळाला माती लावतो, दम घेतो, आणि सारे मैदान श्वास रोखते. त्याने दोन गडी मारले तर शिट्ट्या, नाही मारले तर हळहळ. बाकीचे सात गडी कुठे उभे होते, कोण पुढे सरकला, कोणी कोणाचा हात सोडला, हे विचारा. कोणालाही सांगता येणार नाही.

कधी कधी पकडीलाही बक्षीस लागते. मातीत एकावर एक चार पोरे पडलेली असतात, खाली चढाई करणारा चिरडलेला असतो. पंच हात वर करतात. त्या ढिगाऱ्यातून एक पोरगा उठतो, अंग झटकतो आणि टेबलाकडे जाऊन नोट घेतो. उरलेले तिघे आपापल्या जागी परत जाऊन उभे राहतात. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिले आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही, हीच माझी तक्रार आहे.

आता हा बचाव कसा चालतो ते जरा सावकाश सांगतो. सातजण उभे राहतात ते ओळीत नव्हे, कोयत्याच्या पात्यासारखे वाकून. दोन टोकांना दोन कोपरारक्षक. त्यांचा हात धरून आतले दोघे. मध्ये तिघे, दोन मध्यरक्षक आणि त्यांच्यामधला एक, तेही हातात हात घालून. दोन, तीन, दोन. चढाई करणारा डावीकडून आत येतो. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनसरेषा. कोपरारक्षक मागे सरतो. पाहणारे म्हणतात, घाबरला. तो घाबरलेला नसतो, तो जागा देत असतो. कारण पाहुणा जितका आत येईल, तितका त्याचा परतीचा रस्ता लांबतो. त्याच वेळी मधले तिघे, न बोलता, अर्धे पाऊल डावीकडे सरकतात. पाहुण्याने बोनससाठी पाय टाकला की कोपरारक्षक झेप घेऊन घोटा धरतो.

टाळ्या इथे पडतात. पण खरा खेळ इथे सुरू होतो. घोटा धरलेला माणूस काही थांबत नाही. भरल्या अंगाचा गडी घोट्याला लोंबकळणाऱ्या पोराला ओढत मध्यरेषेकडे झेपावतो. दम कायम असताना बोटाचे टोक रेषेला लागले, तर ज्याने ज्याने त्याला स्पर्श केला तो प्रत्येकजण बाद. अशा वेळी डावा मध्यरक्षक आडवा येऊन छातीने वाट अडवतो, मधला कंबर धरतो, पलीकडचा मध्यरक्षक त्याला लॉबीबाहेर रेटतो. घोटा धरला नसता तर हे तिघे काय करणार होते, असे तुम्ही विचाराल. खरे आहे. पण हे तिघे आले नसते, तर तो घोटा म्हणजे एक गुण फुकट दिल्याची पावती होती.

त्या मध्यरक्षकाचा हिशेब मांडून पाहा. तो जागचा हलला नसता, तर पकड सुटून एकटा कोपरारक्षक बाद झाला असता. तो मदतीला गेला आणि तरीही पकड सुटली, तर दोघे बाद. आणि पकड झाली, तर गुण कोपरारक्षकाच्या नावावर. म्हणजे नुकसानीत त्याचा वाटा पुरा आणि नफ्यात शून्य. असल्या अटीवर सख्खा भाऊदेखील भागीदारी करणार नाही. हा पोरगा मात्र एका सामन्यात वीस वेळा करतो.

26 जुलै 2014 रोजी मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि हा खेळ मातीवरून मॅटवर, वाडीतून घराघरातल्या पडद्यावर गेला. मी त्या लीगला नावे ठेवणाऱ्यांपैकी नाही. ज्या खेळाडूला पूर्वी नोकरीच्या आशेवर जन्म काढावा लागे, त्याला मोल आले. पहिल्या लिलावात सर्वात मोठी बोली राकेश कुमारवर 12 लाख 80 हजारांची लागली होती. पुढे कोटी लागले. आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की 2018 च्या लिलावात कोटीची पायरी प्रथम चढला तो इराणचा फझल अत्राचली, डावा कोपरारक्षक. म्हणजे पैसा लावणाऱ्यांना बचावाची किंमत कळते. कळत नाही ती आपल्याला.

2023 च्या लिलावाचे उदाहरण घ्या. पवन सेहरावत हा चढाईचा बादशहा. तेलुगू टायटन्सनी त्याला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतले. त्या हंगामात 22 सामन्यांपैकी टायटन्सनी जिंकले फक्त 2, आणि बारा संघांत ते बारावे आले. पवन काही वाईट खेळला नाही, हे मुद्दाम सांगतो; त्याने आणलेले गुण मागल्या दाराने निघून जात होते. त्याच हंगामात आपल्या पुणेरी पलटणने 22 पैकी हरले फक्त 2. कर्णधार अस्लम इनामदार, कोपऱ्यात इराणचा महंमदरझा शादलू, आणि चढाया चौघांत वाटून घेतलेल्या. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना त्यांनी 28–25 असे हरवले. अंतिम सामन्यात प्रतिपक्षाला चाळीस मिनिटांत 25 गुण! दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात चर्चा कसली? तर अस्लमने केलेल्या चढायांची. 'समोरच्यांना पंचवीसच का मिळाले?' असे एकाही पोराने विचारले नाही. मीही नाही.

याआधी एकदा ह्या आंधळेपणाची किंमत देशाने मोजली आहे. 1990 पासून आशियाई खेळांतले कबड्डीचे पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताचे होते. 2018 मध्ये जकार्त्याला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला 27–18 असे हरवले. 18 आकड्याकडे पाहा. ज्यांच्या चढायांवर आपण शिट्ट्या मारतो, त्या सगळ्यांनी आणि बचावाने मिळून केलेले हे गुण. दुसऱ्या दिवशी महिलांचे सुवर्णही इराणने 27–24 ने नेले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. तेव्हा पकड आपल्याकडे शिकवता येत नाही, हेही म्हणायला तोंड उरलेले नाही.

अशी लंगडी खतावणी फक्त कबड्डीतच आहे असे नव्हे. अमेरिकेत धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये बोस्टन सेल्टिक्स संघाचा बिल रसेल नावाचा उंच गडी होता. 1956 ते 1969 ह्या 13 हंगामांत त्याच्या संघाने 11 विजेतेपदे मिळवली. त्याचे काम टोपलीपाशी उभे राहून येणारा चेंडू अडवण्याचे. तो मागे आहे ह्या भरवशावर बाकीचे चौघे आपापल्या माणसाला पुढे जाऊन भिडत. एखादा हुकला तर मागे रसेल. आणि गंमत अशी, की अडवलेले चेंडू तिथे अधिकृतपणे मोजायला लागले 1973–74 पासून, रसेल निवृत्त झाल्यानंतर. ज्या गोष्टीने अकरा विजेतेपदे आणली, त्या गोष्टीचा रकानाच वहीत नव्हता.

रकाना म्हटला की मला खाली पाहावे लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या संघात एक डावा मध्यरक्षक होता. बुटका, रुंद, बोलायला कमी. तो संघात होता ती दोन वर्षे आमच्या डाव्या बाजूने फारसे कोणी परत गेले नाही. डाव्या कोपऱ्यातला पोरगा नावारूपाला आला. त्याला तालुक्यात 'उत्कृष्ट पकड'चे बक्षीस, फोटो, हार. पुढच्या पातळीसाठी निवड करायची वेळ आली तेव्हा निवड करणाऱ्या गृहस्थांनी माझ्यापुढेच गुणपत्रके चाळली. कोपरारक्षकाच्या नावापुढे पकडीच पकडी. मध्यरक्षकाच्या नावापुढे सहा सामन्यांत तीन. "हा काय करतो मग?" गृहस्थांनी विचारले. मी तोंडाने पुष्कळ सांगितले. त्यांनी कागदावर बोट ठेवले. कागदावरचे अक्षर माझे होते.

कोपऱ्यातला पोरगा गेला. तिथे त्याच्या शेजारी दुसरा कोणी उभा राहिला, आणि हा घोटे धरी, ते सुटत. तोही वर्षभरात परतला. मध्यरक्षक आता मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या लाद्या उतरवतो. भेटला की "सर, बरंय ना?" एवढेच विचारतो. निवडीबद्दल तो कधी बोलला नाही. मी बोलावे, असे चारदा मनात आले.

आता काही मंडळी म्हणतील, लोक पैसे देऊन येतात ते चढाई पाहायला. एकटा माणूस सातांच्या गोटात शिरतो यातच नाट्य आहे. आहे, मान्य. पण नियम करणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचे नाट्यही ठेवले आहे. तिघे किंवा त्याहून कमी उरलेले असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. म्हणजे पडक्या घरातल्या तीन माणसांनी मिळून चोर धरण्याचे मोल दुप्पट. ते नाट्य दिसायला नजर एका माणसावरून उचलून तिघांवर ठेवावी लागते, इतकीच काय ती तसदी.

आणि मी कुठल्या तोंडाने बोलतो आहे? माझ्या सगळ्या कादंबऱ्यांत एकेक नायक आहे. तो एकटा घर सोडतो, एकटा झुंजतो, एकटा हरतो. भोवतालची माणसे त्याच्या चढाईसाठी उभी केलेली. चौघांनी मिळून केलेली एक गोष्ट, कोणा एकाची न करता, मला आजवर लिहिता आलेली नाही. ती लिहायला गेलो की लेखणी आपोआप कोणातरी एकाला टेबलाकडे नोट घ्यायला पाठवते. हे घरी बोलून दाखवले. करंज्या चालल्या होत्या. शेजारच्या दोघी आल्या होत्या, एक लाटत होती, एक सारण भरून कातत होती, आमची मंडळी कढईपाशी. ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं 'तुझ्या करंज्या झकास' म्हणता, तेव्हा ह्या दोघी काय घरी नसतात?" शेजारणी हसल्या. मी सारणाची वाटी पुढे सरकवून बाहेर आलो.

शुभम शिंदे हा आमच्याच जिल्ह्यातला, चिपळूणकडचा, लीगमध्ये उजव्या कोपऱ्यात उभा राहिला. आमच्या पोरांना त्याचा अभिमान आहे, असावाच. पण 'तू कोण होणार?' असे विचारले तर बाराजणांतले दहाजण चढाई करणाऱ्यांची नावे घेतात, दोघे शुभमचे घेतात. त्याच्या शेजारचा मध्यरक्षक कोण होता, हे मी परवा विचारले. एकाने डोके खाजवले, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिले.

गेल्या वर्षी मी शाळेच्या गुणपत्रकावर एक जादा रकाना आखला. चढाई, बोनस, पकड, आणि शेवटी 'साथ'. पकडीत ज्याचा हात लागला, ज्याने वाट अडवली, त्याच्या नावापुढे एक बारीक रेघ. पहिल्याच सामन्यानंतर दोन मध्यरक्षक पोरे टेबलापाशी येऊन वाकून पाहू लागली, तर त्यांना हाकलायला मला जीव होईना. पुढच्या स्पर्धेत कागद वर गेला, तो परत आला तेव्हा माझ्या रकान्यावर तांबड्या शाईची तिरकी रेघ होती आणि शेजारी लिहिले होते: 'नमुन्यात नाही.'

तुळशीच्या लग्नानंतर ह्या वर्षीचे सामने सुरू होतील. तो रकाना मी पुन्हा आखणार आहे. पट्टी माझ्याजवळच असते.